मूडबोर्डावरची मोकळी पट्टी

ऑक्टोबरात वर्गात जोड्या लागल्या, तेव्हा यागोदा आणि वित एकमेकांशिवाय कॉफीसुद्धा पीत नव्हते. नोव्हेंबर लागला आणि दोघांचं फाटलं. कारण विचारलं तर दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. पोलंडमधल्या वूच शहरातल्या त्या डिझाइन कॉलेजात मग ते एकाच टेबलाशी बसायचे, पण एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत.

यागोदाने जोडीदार बदलून मागितला. व्रोना मॅडमनी कागदावरची नजरही उचलली नाही.

"उद्या नोकरीत काय करशील? तिथेही बदलून मागशील?"

जुन्या गिरणी कामगारांच्या इमारतीतलं एका खोलीचं घर दोन म्हाताऱ्या बहिणींसाठी नव्याने मांडायचं, असं काम होतं. आराखड्याआधी मूडबोर्ड हवा होता. घरात शिरल्यावर कसं वाटणार, ते सांगणारे रंग, कापडाचे तुकडे आणि चित्रं एका मोठ्या पुठ्ठ्यावर लावायची.

"डावी बाजू माझी, उजवी तुझी," वित म्हणाला.

"चालेल. आणि माझ्या टाचण्या घेऊ नकोस."

त्याने राखाडी सिमेंटचा ढलपा, गडद निळी लोकर आणि रिकाम्या जलतरण तलावाचा फोटो लावला. तिने मोहरीच्या रंगाचं जाडंभरडं कापड आणि वाळलेली कांद्याची सालं लावली. मध्ये वीतभर पट्टी कोरीच राहिली. ती भरायची तर आधी बोलावं लागलं असतं.

सादरीकरणाच्या दिवशी मॅडम पुठ्ठ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ही मधली जागा काय आहे?"

"ती मुद्दाम मोकळी सोडलीय," वित लगेच म्हणाला. "दोन माणसं एका खोलीत राहतात, तेव्हा त्यांच्यामध्ये एक शांतता असते. ती आम्हाला दाखवायची होती."

फार गोड बोलला. याच आवाजात तो पूर्वी यागोदाशीही बोलायचा. तिला तो आवाज ऐकवेना.

"तसं काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही बोलत नाही. म्हणून ती उरली."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वितचे कान लाल झाले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"ते मला महिन्यापासून दिसतंय. मला त्याचं काही नाही. पण या पुठ्ठ्यावर वित आहे, यागोदा आहे. बहिणी कुठे आहेत?"

दोघांनीही पुठ्ठ्याकडे पाहिलं. बहिणी कुठेच नव्हत्या. कामाच्या कागदावर त्यांच्याबद्दल चांगला परिच्छेदभर मजकूर होता. एक घरी पडदे शिवायची. दुसरी जर्मनीत आजाऱ्यांची सेवा करून परतलेली, पहाटे उठायची सवय जडलेली. तो मजकूर दोघांनीही एकदाच वाचला होता.

"सोमवारी परत आणा," मॅडम म्हणाल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर ते टाचण्या काढू लागले.

"सगळ्यांसमोर सांगायची गरज होती का?" वितने विचारलं.

"तुला खोटं बोलायची होती?"

त्याने कामाचा कागद पुढे ओढून परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाला, "जर्मनीवाली पहाटे उठते, तर दिवा लावणार. दुसरीची झोप मोडेल."

"मग तिचा दिवा आणि खुर्ची खिडकीपाशी न्यायची आणि पलंग आत."

"आणि मध्ये पडदा?"

"पडदा दुसरी बहीण स्वतःच शिवेल. तुझी निळी लोकर दे इकडे. जाड आहे, उजेड अडेल."

त्याने ती काढून दिली. तिने लोकरीशेजारी मोहरीच्या रंगाचं कापड धरलं. बरं दिसत होतं. चहाच्या किटलीचं चित्र कुठे लावायचं यावरून मात्र ते परत भांडले, आणि किटली शेवटी लागलीच नाही.

सोमवारच्या मूडबोर्डाला बरे गुण पडले, फार नाहीत. मॅडम म्हणाल्या, "आता निदान कुणीतरी राहतंय." आराखडा त्यांनी जानेवारीत मिळून पुरा केला. पुढच्या सत्रात वितला दुसरी जोडीदार मिळाली. जिन्यात गाठ पडली की तो मान हलवायचा, यागोदाही हलवायची. तेवढ्याने दोघांचंही भागत होतं.