हेळवाकच्या वळणावरचा रेडा

"हुर्रऽऽ हाऽऽ... हळू बायांनो, हळू."

बाप जाऊन कैक वर्षं झाली, पण सुलाबाईच्या कानात त्याची ही हाळी अजून ओली होती. माणदेशच्या फोंड्या माळावर सिद्धू धनगर मेंढरांना हाक घालायचा, तेव्हा त्या हाकेत दरडावणं नसायचं. लेकीला तो सांगायचा की जित्राबाला राग दावू नये. मुराळी लेकीला माहेरी न्यायला येतो, तेव्हा दारातनं हाक मारतो ना, तसा आवाज पोटातनं काढावा.

त्या माळावरची लेक आता मालमोटारीत बसून डोंगरात निघाली होती. शेहेचाळीस सालचा वैशाख होता. नवरा हरिबा लढाईवरनं रजेवर आलेला. मिरजेच्या नानासो व्यापाऱ्याचा हिरडा हेळवाकच्या रानात पोत्यांत भरून पडला होता, आणि त्याचा ड्रायव्हर तापानं आडवा झालेला. पलटणीत हरिबानं मोठमोठ्या गाड्या हाकलेल्या, म्हणून नानासोनं त्याला गळ घातली. हरिबानं एकच अट घातली, बायको बरोबर येईल. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासू धोंडुबाई मात्र म्हणाली, जा गं, नुसतं ऐकत आलोय आपण, हिरवं रान कसं असतं ते एकदा डोळ्यानं बघून ये.

पेट्रोल अजून मापानं मिळायचं, म्हणून मोटार कोळशाच्या वायूवर चालायची. मागं पिंपाएवढी शेगडी बसवलेली, आणि तिच्यात कोळसा टाकायला नानासोचा जुना माणूस जोतीराम. चढ आला की मोटार धापा टाकायची. जोतीराम उतरून शेगडी ढवळायचा आणि सुलाबाईला म्हणायचा, वैनी, तुमी घरची चूल सोडून आलासा, पर चूल काय तुमची पाठ सोडत न्हाई.

सुलाबाई हसायची. पण हसता हसता एक शब्द घशाशी यायचा, आणि तो ती गिळून टाकायची.

रजा सरत आली होती. लढाई संपली तसं पलटणीनं हरिबाला विचारलं होतं, पुढं राहतोस की नाव कमी करून घरी जातोस. कुणी काही विचारलं की हरिबा 'बघू' म्हणायचा, आणि म्हणताना सुलाबाईकडं बघायचा. 'जाऊ नका' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण पहिल्यांदा तो निघाला तेव्हा तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता, चकार शब्द काढला नव्हता. आणि तो ब्रह्मदेशच्या तापातनं, तोफांतनं, हातीपायी धड परत आला. आपण तोंड मिटून ठेवलं म्हणूनच हा माणूस राखला गेला, असं तिच्या मनानं धरलं होतं. आता तोंड उघडलं आणि काही वाईट झालं तर?

कऱ्हाड मागं पडलं, पाटण मागं पडलं, आणि कोयनेच्या काठानं रस्ता डोंगरात शिरला. सुलाबाईनं एवढी झाडं एका जागी कधी बघितली नव्हती. सावलीतनं सावलीत मोटार चालली, ऊन खाली पडतच नव्हतं. एका उंबरावर तांबूस पाठीचं, झुपकेदार शेपटीचं शेकरू या फांदीवरनं त्या फांदीवर उडालं, तशी ती म्हणाली की खार एवढी वाढली तर तिला खायला कोण घालतं. पुढं चोचीवर दुसरी चोच ठेवल्यागत दिसणारा पक्षी डोक्यावरनं गेला. त्याच्या पंखांचा आवाज भात्यासारखा. मग भेकराची जोडी रस्त्याच्या कडेला थबकली आणि कान हलवून नाहीशी झाली. हरिबा दर वेळी मोटार थांबवायचा. जोतीराम कुरकुरायचा की हिरडा न्यायला आलोय का वरात काढायला, आणि स्वतःच खिडकीतनं अर्धा बाहेर लोंबायचा.

समोरच्या कड्यावर ढगाचा पुंजका टेकला होता. सुलाबाई आपल्याशीच गुणगुणली:

डोंगराच्या खांद्यावर, आभाळ गं पसरलं
माज्या बापाचं कोकरू, वाट घराची इसरलं

हरिबानं मोटार उगाच हळू केली.

हेळवाकच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक काळंभोर धूड उभं होतं. हरिबानं करकचून ब्रेक दाबला. जोतीराम बाकाच्या खाली सरकला. तेवढ्यात सुलाबाई खाली उतरलीसुद्धा.

कुणाचा तरी रेडा सुटला होता. गळ्यात दावं नाही, राखणीला माणूस नाही. ऊन चढायच्या आत घरी नको का जायला? ती चार पावलं पुढं झाली, कमरेला पदर खोचला, आणि पोटातनं आवाज काढला.

"हुर्रऽऽ हाऽऽ... चल बाबा, घराकडं चल."

धुडानं मान वर केली. गुडघ्यापासनं खाली चारी पाय पांढरे, शिंगांची कमान अंगणभर. त्यानं एकदा फुर्रकन श्वास सोडला, तिच्याकडं बघितलं, आणि सावकाश उतारानं रानात उतरलं. त्याच्यामागं कारवीच्या झुडपांतनं आणखी दोघी, आणि तांबूस रंगाचं एक वासरू रस्ता ओलांडून गेलं.

सुलाबाई परत येऊन बसली. मालकाला गाठून सांगायला हवं, असं जनावर मोकळं सोडू नये, म्हणाली.

"वैनी," जोतीराम बाकाखालनं म्हणाला, "त्येचा मालक वर आभाळात ऱ्हातो. गवा हुता त्यो, गवा."

सुलाबाईनं वळून त्या उताराकडं बघितलं. आणि हरिबा हसू लागला. स्टेअरिंगवर डोकं ठेवून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसला. लढाईवरनं आल्यापासनं तो असा हसला नव्हता. मग तिलाही हसू आवरेना. जोतीराम दोघांकडं बघून म्हणाला, शेगडी इझली तरी ही गाडी हसण्यावर चालंल.

थोडं पुढं एका झऱ्यावर मोटारीला पाणी पाजायला ते थांबले. करवंदं आणतो म्हणून जोतीराम मुद्दाम लांबच्या जाळीकडं गेला. हरिबा पाण्यात पाय सोडून बसला. त्यानं सांगितलं की ब्रह्मदेशच्या रानात असाच गवा पलटणीला आडवा आला होता. सगळ्यांच्या हातांत बंदुका होत्या, आणि सगळे झाडावर होते.

"मागल्या बारीला मी निघालो," तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तवा तू एक सबूद बोलली न्हाईस. म्या तिकडं लय दीस त्योच इचार केला. वाटलं, हिला आपलं जाणं जड जात न्हाई."

सुलाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. जे तोंड त्याला राखायला मिटलं होतं, त्याचा त्यानं हा अर्थ लावला होता. एवढी वर्षं, तिकडं, एकट्यानं. तिच्या ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतनं सांडून गेलं. जवळच कुठंतरी एक पाखरू शीळ घालत होतं.

"आवं, जाऊ नका," ती म्हणाली. "तवाबी ह्येच म्हणायचं हुतं."