ताराबाईच्या ओळीवरचं नाव

मी नाताळचं गाणं बोलतोय. लगेच हात जोडून बसू नका, मी तसलं गाणं नाही. मशीनच्या घंटा, छातीत धडधडणारा बेस आणि पायांना स्वस्थ बसू न देणारा ठेका, असा माझा थाट होता. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. आज त्यातले जेमतेम चार सेकंद शिल्लक आहेत. बाकीचा मी कुठे गेलो, तेच सांगायचंय.

तेलुगू मुलखातल्या इचोडा गावात हमरस्त्याला लागून टायरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. खोली प्रवीणची. वरात असो, गणपती असो की भीमजयंती, स्पीकरचे डबे लावायला गावात प्रवीणच. गाणी तो फोनवर जुळवायचा. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या होत्या, पण ट्रकचे हॉर्न त्या गाद्यांना काय जुमानणार!

शेजारच्या घरात ताराबाई राहते. मिशनच्या वसतिगृहात बावीस वर्षं तिनं पोरांना रांधून घातलं. इथल्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी बारा गाणी तेलुगू होतात आणि एक मराठी, कारण मराठी घरंच चार. ते एक गाणं ताराबाईचं. तिनं स्वतःच रचलेलं, घरगुती चालीचं. तीस नाताळ तिनं ती पाळी चुकवली नव्हती.

यंदा तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज जाईल.

तिची मुलगी प्रीती शाळेत शिकवते. ती प्रवीणच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, मायचा आवाज भरून ठेव. यंदा तिची पाळी खाली जाऊ नाही."

"काऊन जाईन खाली? असं गाणं बनवतो का सारं इचोडा उठून उभं राहीन," प्रवीण म्हणाला. मनापासून म्हणाला. माणूस वाईट नाही हो तो, फक्त स्वतःच्या नावावर जरा जास्त जीव.

दुपारी ताराबाईला गाद्यांच्या खोलीत बसवलं. तिनं माझा ठेका ऐकला आणि हसली. "एवढ्या धडाडधूममंधी माहा आवाज सापडन काय रे बापू?"

"मावशी, तुमचा आवाज मधोमध ठेवतो."

दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोनदा हॉर्न वाजला. गळा दुखून डोळ्यांत पाणी आलं होतं. तिसऱ्यांदा रस्ता गप्प होता. तिनं श्वास घेतला आणि एकच ओळ म्हटली:

"गायीच्या गोठ्यात उजेड झाला, पोराच्या पायानं देव घरी आला."

त्यानंतर तिला गाता आलं नाही. बाकीचं सगळं गाणं प्रवीणनं आपल्या आवाजात भरलं, पण खरं सांगतो, त्या ओळीमुळेच मला मी गाणं असल्यासारखं वाटायला लागलं.

आता डीजे लोकांची रीत ऐका. भैंसा गावच्या एका डीजेनं मागे प्रवीणचं गणपतीचं गाणं उचलून आपलं म्हणून वाजवलं होतं. तेव्हापासून तो प्रत्येक गाण्यावर आपल्या नावाची मोहर मारायचा. तीही कुठे? गाण्यातल्या सगळ्यात चांगल्या जागी, म्हणजे चोराला कापून टाकता येऊ नये. माझ्यातली सगळ्यात चांगली जागा कोणती, हे त्यालाही कळत होतं. ताराबाईच्या 'उजेड' शब्दानंतर लगेच, गडगडाटासह, "डीजे प्रवीण, इचोडाऽऽ!" आणि ओळ संपेपर्यंत तेच घुमत राहिलं.

लग्नसराई तोंडावर होती, फोनमध्ये जागा उरली नव्हती. प्रवीणनं मला तयार करून ठेवलं आणि मूळचे सुटे आवाज, ताराबाईचासुद्धा, पुसून टाकले. रोजचंच काम होतं ते त्याचं.

ऑपरेशन झालं. आठवड्यानं दवाखान्यात प्रीतीनं मला आईच्या उशाशी लावलं. ताराबाई डोळे मिटून वाट पाहत होती. श्वास ऐकू आला, तीन शब्द ऐकू आले आणि मग मी भर वॉर्डात प्रवीणचं नाव ओरडलो. ताराबाईनं डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. जगात कुठल्या गाण्याला इतकी लाज वाटली असेल, असं मला वाटत नाही.

प्रीती इचोड्याला परतली ती थेट खोलीवर. "दादा, तुझं नाव काढ. मले नुस्ती माय दे."

प्रवीणनं दोन दिवस दार लावून घेतलं. माझा ठेका सोलून निघाला, घंटा निघाल्या, बेस निघाला. पण त्याचा आवाज आणि तिचा आवाज एकमेकांत इतके मिसळले होते, की एक काढावा तर दुसराही जात होता. तिसऱ्या दिवशी त्यानं प्रीतीला बोलावलं.

"ताई, मूळ मी पुसून टाकलं. मीनंच. आता नाई निघत."

प्रीतीनं भिंतीवरच्या गादीला पाठ टेकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जेवढी निघते तेवढी दे."

मग प्रवीणनं मला कापलं. मोहरेआधीचा श्वास आणि तीन शब्द ठेवले, बाकी मी होतो नव्हतो तेवढा सगळा पुसला. मला दुखलं नाही. तो थाट घेऊन मी करणार तरी काय होतो?

नाताळच्या सकाळी बारा तेलुगू गाणी झाली. ताराबाई गळ्याला पांढरा रुमाल बांधून आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. प्रीतीनं फोन माइकला लावला. श्वास. "गायीच्या गोठ्यात उजेड..." आणि पुढे काहीच नाही. लोक थांबले. ताराबाईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. प्रीतीनं परत वाजवलं. परत तेच.

तेवढ्यात दारातून, चपलांच्या ढिगाशेजारून, कुणीतरी उरलेली ओळ म्हटली. प्रवीण होता तो. माइक नाही, यंत्र नाही, सूर तर त्याहून नाही. दोन दिवसांत हजारदा ऐकून ती ओळ त्याला पाठ झाली होती. "पोराच्या पायानं..." इथे त्याचा आवाज फाटला, तरी त्यानं शेवटपर्यंत नेली. शेवटी आपलं नाव घेतलं नाही.

मी चार सेकंदांचा उरलोय, माझं मागणं मोठं नाही. कुणाचा आवाज जपायला घ्याल तेव्हा आधी तो नुसता ठेवा, आपलं काय ते नंतर.

लोक उठायला लागले तेव्हा ताराबाई गर्दीतून वाट काढत दाराशी गेली. प्रवीणची मान खाली होती. तिनं हातानं खूण केली, परत म्हण. तो म्हणायला लागला, आणि ती त्याच्या गळ्यावर तळहात ठेवून ओळ संपेपर्यंत तशीच उभी राहिली.