घेऊ नये ते नाव

गोदाबाईनं बोचकं मांडीवर घेतलं, मग पोटाशी धरलं, मग पुन्हा मांडीवर ठेवलं. बडनेऱ्याहून आगगाडी सुटून घटकाही झाली नव्हती, तोवर तिनं गाठ सात वेळा चाचपली होती. आत शकुनची सरी, एकदाणी आणि गोठ होते. लेकीचं लग्न उद्या अकोल्याला, सोयऱ्यांच्याच दारी. शकुन आठ दिवस आधी मामाबरोबर गेली होती. अमरावतीच्या सोनारानं आज देतो, उद्या देतो करत दागिने लांबवले, म्हणून आईबापांच्या नशिबी ही आगगाडी आली. दोन वर्षं कापसानं सोनं पिकवलं, तेच हे सोनं. आता कापसाचा भाव उतरू लागला होता. हे गेलं असतं तर पुन्हा होणं नव्हतं, आणि लेक मांडवात लंकेची पार्वती होऊन उभी राहिली असती.

निघताना पुंजारामनं तिचं डोकं पिकवलं होतं. कापसाच्या गाड्यांबरोबर एकदा मुंबई पाहून आलेला माणूस. गावात त्याच्याएवढा शहाणा आता कोणी उरला नव्हता. परक्याच्या हातचं खाऊ नका, त्यात धोतरा असतो. बोचकं कोणाच्या हाती देऊ नका. पायाशी पैसा पडला तरी वाकू नका, वाकलात की पाठीमागचा माल गेलाच. गोदाबाईनं सगळ्याची खूणगाठ बांधली होती.

त्यात बायकांना वेगळ्या डब्यात बसवलेलं, आणि घरधनी कुठंतरी पुढच्या डब्यात. समोरच्या बाईनं लाडू पुढं केला. उपास आहे म्हणून गोदाबाईनं तो नाकारला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाई मोठी लाघवी. बोचकं घटकाभर मी धरते म्हणाली, त्यालाही ही बधली नाही. मग बाईनं लग्नाचं विचारलं. लेकीच्या लग्नाचं विचारल्यावर कोणती आई गप्प बसते? गाव पिंपळखुटा, घर पाटलांचं, स्टेशनाबाहेर सोयऱ्यांची बैलांची दमणी येणार, सगळं सांगून झालं. पुंजारामनं हातांना कुलूप घातलं होतं, तोंडाचं त्याला सुचलं नव्हतं.

शेवटी बाईनं हसत मालकांचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, म्हणून वीस वर्षांत गोदाबाईनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. कोणी विचारलंच तर ती आडून सांगे. आताही तसंच सांगितलं.

"देवकीचा पोरगा."

"समजलं," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

अकोला आलं. बाई लगबगीनं आधी उतरली. गोदाबाई मागून उतरली आणि ठरल्याप्रमाणं डब्यापाशीच उभी राहिली. एवढी माणसं तिनं एका जागी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक पागोटं तिला आपल्याच माणसाचं वाटे, आणि जवळ आलं की परकं निघे.

तेवढ्यात एक जण थेट तिच्यापुढं आला. "वहिनी, गोविंदराव पाटलानं धाडलं मले. ते दमणीपाशी थांबले हायेत. द्या ते बोचकं इकडं."

बोली आपली, पेहराव आपला, दमणीचंही बरोबर. गोदाबाईचे हात पुढं झालेसुद्धा. मग नाव कानात उतरलं. गोविंदराव कोण? देवकीच्या पोराला नावं हजार, आणि त्या बाईनं त्यातलं भलतंच उचललं होतं.

तिनं बोचकं मागं ओढलं तसा त्यानं धरलं. "अजी!" ती ओरडली. "अजी!" फलाटावरचे दहाबारा नवरे वळून पाहू लागले. त्यांत तिचा नव्हता. बोचक्याची गाठ सैल होत चालली. शकुनचा मोकळा गळा तिच्या डोळ्यांपुढं आला. नाव जिभेवर आलं, तिनं गिळलं, पुन्हा आलं.

"किसनराव! धावा किसनराव!"

गर्दी फाडत किसनराव आला, पागोटं सुटून खांद्यावर लोंबत होतं. चोरानं बोचकं सोडलं आणि तो माणसांत विरला. ती बाई तर कधीच नाहीशी झाली होती.

दमणीत बसल्यावर गोदाबाईनं एकेक दागिना चाचपून पाहिला. सगळे होते. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. ती राहून राहून नवऱ्याचं तोंड न्याहाळत होती. धुळीनं त्याला ठसका लागला आणि तिला रडू कोसळलं.

"म्या तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "तुमाले काही झालं तं?"

किसनरावनं सुटलेलं पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

"वीस वर्सं झाली, गोदे," तो म्हणाला. "मले वाटे, तुले माहं नाव आवडतच नाही."

मांडव दिसेपर्यंत तिनं एका हातानं बोचकं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या अंगरख्याचं टोक.