चटणीत गेलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या अंगाला शेंगाचटणीचा वास येतो. नाक मुरडू नका. हा वास मी मिरवते!

छापखान्यातून मी कोरी करकरीत निघाले, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! सोलापुरातल्या एका वाचनालयाने मला खाकी कव्हर घातलं, पाठीवर नंबर चिकटवला. माझी नायिका सुकन्या, पोरकी पोर. ती परक्या गावात, परक्या घरी कामाला येते आणि हळूहळू तिथलीच होऊ लागते. माझ्यासाठी बायका नंबर लावायच्या. वाचताना कुणी रडायचं, कुणी माझ्यावर चहा सांडायचं. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, वाचनालयाला कुलूप लागलं आणि मी रद्दीत गेले.

तिथून मला शिवबाईंनी आणलं. बाळीवेशीत त्यांचं चटणीचं छोटं दुकान. बाई मनाने सढळ, पण अक्षरओळख नाही. त्यांनी मला उलटं धरलं आणि शेवटाकडून एकेक पान टराटरा फाडून पुड्या बांधायला सुरुवात केली. माझा जीव टांगणीला लागला. माझा शेवट कुणाकुणाच्या पिशवीतून होटगीला, वैरागला, कुठं कुठं गेला!

मला वाचवलं धनलक्ष्मीने. ही शिवबाईंच्या लांबच्या बहिणीची मुलगी, अक्कलकोटकडची. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला. सासरी थारा मिळेना, माहेरी भावजय धड बोलेना. म्हणून भावाने तिला उन्हाळ्यापुरती मावशीकडे कामाला पाठवली होती. तिची पिशवी कॉटखाली कायम भरलेली असायची. साडी धुऊन वाळली की घडी करून पुन्हा पिशवीतच.

एका दुपारी तिने शिवबाईंच्या हातातून मला हळूच काढून घेतलं आणि जुने पेपर पुढे सरकवले. त्या दिवसापासून शिवबाई उखळात शेंगदाणे कुटायच्या आणि धनलक्ष्मी मला मोठ्याने वाचायची. कानडीत वाढलेली पोर, मराठी वाचताना अडखळायची. पण तेवढ्यापुरतं मुसळही थांबायचं. सुकन्येवर कुणी डाफरलं की मात्र शिवबाईंचे घाव असे पडायचे, की त्या दिवशीची चटणी लई बारीक व्हायची. गिऱ्हाईक खूश आणि मी तर त्याहून खूश!

उन्हाळा सरला. धनलक्ष्मीचा भाऊ वीरभद्रप्पा तिला न्यायला आला. गावाकडे एका घरी म्हातारीची देखभाल करायला बाई हवी होती, तिथे तो तिला ठेवणार होता. धनलक्ष्मीने पिशवी बाहेर काढली. शिवबाई खाली मान घालून कुटतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जा की. पण आदी गोष्ट संपीव. ती सुकन्या गेली का ऱ्हायली?"

"पानं कुटं हायत, मावशी? तुमीच त्यात चटणी बांधलीसा की," धनलक्ष्मी म्हणाली.

शिवबाईंनी मुसळ बाजूला ठेवलं. "मग शेवट मी सांगते. मावशी म्हणती, हे घर तुजं हाय, आन् मला बी तुज्याबिगर करमत न्हाय. आता ती पोर काय म्हणती, ते तू सांग."

"ती ऱ्हाती," धनलक्ष्मी म्हणाली.

वीरभद्रप्पा बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. मग त्यानेच पिशवी उचलून पुन्हा आत नेऊन ठेवली, पोटभर भाकरी खाल्ली आणि चटणीची पुडी घेऊन एकटाच परत गेला. त्या संध्याकाळी पिशवी रिकामी झाली. साड्या दोरीवर शिवबाईंच्या लुगड्याशेजारी जाऊन बसल्या. धनलक्ष्मीने तो नवा शेवट कोऱ्या कागदावर लिहिला आणि पोती शिवायच्या दाभणाने माझ्यात शिवून टाकला. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, हे तर मी सांगणारच. फाटलेलं दिसलं तर टाकूनही देऊ नका, दोन टाके घाला. आणि आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते, शिवबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. माझ्या छापील शेवटात सुकन्या पिशवी उचलते, गाडीत बसते आणि कायमची निघून जाते.

बरं झालं, चटणीत गेला!