घास, म्हणजे लुकमा

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ईशानीने आपला निबंध वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि जग जिंकल्याच्या थाटात ती पलंगावर आडवी झाली. सात पानं! तीही घरच्या मराठीत नव्हे, हिंदीत, आणि सोमवारी वर्गापुढे उभं राहून बोलायची! मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, त्याच मुलीची ही गोष्ट आहे. अकरावीत आल्यापासून मात्र तिला असे काही पंख फुटले होते की विचारू नका.

विषयही तिने तसाच निवडला होता. इतिहासाच्या सिस्टर एल्सींनी ‘ग्रंथ आपल्यापर्यंत कसे पोचले’ असा प्रकल्प दिला, तेव्हा बाकीच्यांनी ताडपत्रं, छापखाने असले बिनधोक विषय घेतले. ईशानीने हात वर केला. “बाइबिल और कुरान, किसका पाठ ज़्यादा भरोसेमंद है?”

सगळा वर्ग “ओऽऽहो” म्हणाला. सिस्टरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“लिख पाओगी? किसी को नीचा दिखाए बिना?”

“बिलकुल, सिस्टर!”

आणि खरंच, तिने जीव तोडून काम केलं. सिस्टरनी तिला बायबलच्या तळटिपा दाखवल्या. हाताने उतरवलेल्या हजारो प्रती, त्यात हजारो लहानमोठे फरक, आणि ते लपवून न ठेवता पानाच्या तळाशी छापलेले. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांपैकी दोनांत नाहीतच, हेसुद्धा तिथे लिहिलेलं. मग तिची जिवलग मैत्रीण निखत तिला मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, आपल्या दादांकडे घेऊन गेली. दादा म्हणजे निखतचे आजोबा. सगळी गल्ली त्यांना हाफिजजी म्हणते, कारण अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ आहे. नमाज पढवताना इमाम एखाद्या शब्दाला अडखळला, तर मागे उभा असलेला माणूस ‘चुकलात’ म्हणत नाही. तो फक्त बरोबर शब्द पुरवतो. याला म्हणतात लुकमा देणं.

“लुकमा मतलब?” ईशानीने विचारलं होतं.

“निवाला,” निखत म्हणाली होती. “जैसे मुँह में कौर रख दिया.”

किती गोड! ईशानीने घरी येऊन मराठी टिपणात लगेच उतरवून ठेवलं.

आता तिला वाटलं, टाळ्यांचे इमोजी यायला लागले असतील. तिने फोन उचलला. पहिला मेसेज मुकुलचा होता. मुकुल म्हणजे मागच्या बाकावरचा, ज्याला आजवर तिचं नावही धड घेता येत नव्हतं.

“गरदा उड़ा दिया गुरु! शेरनी निकली तुम तो!” म्हणजे धुरळाच उडवलास. आणि पुढे गवताची हिरवी काडी, एक बकरी, आणि हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पाच चेहरे.

ईशानीला काही कळेना. बकरी कशाला?

त्याखाली निखतचा मेसेज होता. ग्रुपवर नाही, फक्त तिला. “ये क्या लिखा है तुमने? मैं दादा को पढ़कर सुना रही थी.”

बस, एवढंच. निखत ‘ऑनलाइन’ दिसत होती, आणि लिहीत नव्हती.

तिने सातही पानं वरपासून चाळली. खलिफा उस्मानच्या काळात कुराणाची एक प्रत ठरवून बाकीच्या जाळल्या, ते? पण ते तर दादांनीच सांगितलं होतं. मग काय? पानं भराभर वर सरकत गेली, अक्षरं पुसट झाली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

“ईशे, सकाळपासून उपाशी आहेस! दोन घास खाऊन घे ग!”

घास.

पाचवं पान, खालून तिसरी ओळ. ‘इमाम भूल जाए तो पीछे खड़ा आदमी उसे घास देता है.’

ईशानीने ते वाक्य मोठ्याने वाचलं, आणि या वेळी ते तिच्या कानांना हिंदीत ऐकू आलं. टिपणातला मराठी घास म्हणजे तोंडातला कौर. हिंदीतला घास म्हणजे गवत! दूधविनायकाच्या गल्लीत रोज सकाळी गाईंपुढे टाकतात, ते. इमामाला गवत. हाफिजजींना गवत. ज्या म्हाताऱ्या माणसाने दोन तास समोर बसवून, चहा पाजून सगळं समजावलं, त्याच्या पुढ्यात तिने गवत टाकलं होतं. आणि निखतने ते स्वतःच्या तोंडाने त्यांना वाचून दाखवलं होतं!

तिने ताबडतोब निबंध सगळ्यांसाठी डिलीट केला. फोन खाली ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा थरथरला. मुकुलने त्या ओळीचा फोटो काढून टाकला होता, भोवती लाल गोल करून. खाली कुणीतरी लिहिलं होतं, “भाई, कोचिंग वाले ग्रुप में भी डाल दिया.” दुसऱ्याने, “मोहल्ले वाले में भी.”

लोक चिडले असते तर तिने माफी मागितली असती. पण इथे लोक तिला शाबासकी देत होते! तिने जे म्हटलंच नव्हतं, त्याबद्दल! तिच्या नावाने ते वाक्य आता कुठल्या कुठल्या फोनमध्ये जाऊन बसणार होतं, आणि मदनपुऱ्यातल्या एखाद्या फोनमध्येही. मग काय होईल? या शहरात एवढ्याशा वाक्यावरून काय काय होऊ शकतं, ते तिला वर्तमानपत्र न वाचताही ठाऊक होतं.

बाबा माडीवर होते. श्रीनिवासशास्त्री, ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवणारे. रविवारी दोन विद्यार्थी घरी येत. ईशानी जिन्यात उभी राहिली. वर एक मुलगा मंत्र म्हणता म्हणता चुकला. बाबांनी पाटावर बोट टकटक वाजवलं, बस. मुलगा मागे गेला, मंत्राच्या सुरुवातीपासून पुन्हा निघाला, पुन्हा तिथेच अडकला. टकटक. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

“बाबा, जरा बाहेर येता?”

तिने सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. घास आणि गवत सांगितलं. मुकुलचा फोटो, कोचिंगचा ग्रुप, मोहल्ल्याचा ग्रुप गिळून टाकला. बाबांचा चेहरा उतरलेला बघायची तिची हिंमत नव्हती.

बाबांनी माडीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “पुसलंस?”

“हो, लगेच.”

“पुसून काय होतं? मुलगा चुकतो तेव्हा मी त्याला तो शब्द विसर म्हणतो का? जिथे चुकला तिथेच, ज्यांनी ऐकलं त्यांच्यापुढेच पुन्हा म्हणायचा. बरोबर.” त्यांनी पंचा खांद्यावर नीट केला. “हाफिजजींनी ऐकलंय ना? मग जा. मी येऊ?”

‘या’ म्हणावंसं तिला फार वाटलं. पण बाबा आले असते तर वाटेत सगळंच बाहेर पडलं असतं. “नको. मुलं खोळंबलीत.”

“सहाच्या आत घरी.”

गोदौलियाच्या चौकापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. मदनपुऱ्याच्या गल्लीत शिरल्यावर मात्र ती भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. दोन्ही बाजूंनी हातमागांची खटखट, एरवी तिला तालासारखी वाटणारी. आज वाटलं, प्रत्येक घर दात वाजवतंय. कोपऱ्यावर पाच-सहा जण एका फोनवर वाकले होते. ती जवळ आली आणि ते एकदम गप्प झाले. पाहिलं! त्यांनी पाहिलं! ती मागे वळलीच होती.

“आउट!” त्यातला एक किंचाळला. “अबे आउट है, साफ़ आउट है!”

क्रिकेट होतं.

दार निखतने उघडलं. तिचे डोळे लाल होते. “आ गई?” एवढंच म्हणून ती बाजूला झाली.

हाफिजजी लाकडी तख्तावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आता फार अंधूक दिसतं. ईशानीने तोंड उघडलं आणि शब्दांचा लोट बाहेर पडला. मराठी, घास, निवाला, गलती, कसम से दादा. त्यांनी हात वर केला.

“काग़ज़ लाई हो?”

“जी, फ़ोन में है.”

“तो पढ़ो. शुरू से.”

तिने फोनमधलं पहिलं पान काढलं. आवाज इतका बारीक निघाला की मागच्या वर्षीची ईशानी परत आल्यासारखं वाटलं. बायबलच्या प्रती इतक्या जास्त, इतक्या ठिकाणी पसरलेल्या, की कुणा एकाला सगळ्या बदलता येणं अशक्य. म्हणून चुका सापडतात आणि दुरुस्तही करता येतात. कुराण लवकर एका प्रतीत बांधलं गेलं आणि हजारोंनी पाठ केलं. म्हणून त्यात फरक थोडे, पण त्याआधीच्या जाळलेल्या प्रतींत काय होतं ते आपल्याला ताडून पाहता येत नाही. इथे ती थबकली. हे वाचायचं का?

“रुक क्यों गई?” म्हातारा म्हणाला. “जलवाए गए, तो जलवाए गए. ये मत काटना. और सिस्टर के सामने वो बारह आयतों वाली बात भी मत खाना.”

ती पुढे गेली. पाचवं पान. खालून तिसरी ओळ. “इमाम भूल जाए तो पीछे खड़ा आदमी उसे… लुक़मा देता है.”

माग खटखटत होते. हाफिजजींनी मान हलवली, जशी बाबा तिसऱ्या वेळी हलवतात. “अब ठीक. तीन साल पहले रमज़ान में, तरावीह की नमाज़ पढ़ाते हुए, मैं ख़ुद अटका था. निखत के अब्बा ने दिया था लुक़मा.” मग दाढीतल्या दाढीत हसले. “घास नहीं दी थी.”

ईशानीला हसायचं होतं, पण रडूच आलं. निखत मात्र हसली नाही. दाराशी सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “दादा को मुकुल वाला फ़ोटो नहीं दिखाया मैंने. वो कहाँ-कहाँ गया है, पता है तुम्हें?” आणि दार लागलं.

सोमवारी तिसऱ्या तासाला ईशानी वर्गापुढे उभी राहिली. सिस्टर खिडकीशी. निखत पहिल्या बाकावर, नजर वहीत. सकाळपासून एक शब्द नाही. मागून मुकुलने बकरीचा आवाज काढला आणि अर्धा वर्ग खिदळला. त्या फोटोच्या बारा प्रती. सकाळी तिने मोजल्या होत्या, तिला दिसलेल्या तेवढ्या. न दिसलेल्या किती?

आणि मग, भीतीनेच बहुधा, तिला दिसलं. ग्रुपवरची मूळ प्रत तिने स्वतः पुसली. चुकीच्या प्रती मात्र गावभर फिरताहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याशी बसून, घरी एक भाषा आणि पानावर दुसरी, असंच उतरवत असेल; एक शब्द घसरला असेल, आणि तोवर प्रत दुसऱ्या गावाला निघून गेली असेल.

तिने कागद खाली ठेवला.

“मेरी एक लाइन के दो पाठ हैं,” ती म्हणाली. “एक आप सबके फ़ोन में है. वो ग़लत है, और ग़लती मेरी है. मैं मराठी में सोचती हूँ. हमारे यहाँ घास मतलब कौर. माँ बच्चे को खिलाती है, वो.” मागचं खिदळणं थोडं कमी झालं. थांबलं नाही. “मैं चाहूँ तो भी वो फ़ोटो वापस नहीं ला सकती. इसलिए सही पाठ यहीं बोलूँगी, जहाँ ग़लत गया था. इमाम भूल जाए तो पीछे खड़ा आदमी उसे…”

आणि शब्द गेला.

कालपासून शंभरदा घोकलेला शब्द. डोक्यात पांढरंफेक. पुढे फक्त गवत, गवत, हिरवं गवत, आणि मुकुलचं तोंड हळूहळू उघडत चाललेलं. आता तो म्हणणार. आता सगळे म्हणणार.

निखतने वहीतून मान वर केली नाही. पण पहिल्या बाकावरून, फक्त ईशानीपर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात, शब्द आला.

“लुक़मा.”

“लुक़मा देता है,” ईशानी म्हणाली, आणि पाचव्या पानावरून पुढे निघाली.