पुसलेली खूण

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला साप ठेवलेली एक पत्र्याची शेड होती. अठ्ठ्याण्णव साली तिथल्या लाकडी पेट्या महादू आणि जैतू साफ करीत. झाकणावर गेरूची खूण म्हणजे आत विषारी साप. ती पेटी दोघांनीच उघडायची. एकानं आकडीनं सापाला कोपऱ्यात थोपवून धरायचं, दुसऱ्यानं आत हात घालून घाण काढायची. खूण नसली तर आत धामण नाहीतर अजगर. तिथं एकटा माणूसही चाले. ऊन बघून पेट्या सारख्या हलवत, त्यामुळे कुठली कुठे याचा भरवसा नसे. भरवसा खुणेचा.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी महादूनं एक बिनखुणेची पेटी उघडली, आणि आतून कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार आला. घोणस. झाकण कधी आपटलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

हात वाचला, पण मनात दुसरंच काही शिरलं. काल तो सापांसाठी उंदीर आणायला मुरबाडला गेला होता, शेडवर जैतू एकटा होता. आणि शेडच्या साहेबांनी परवाच सांगितलं होतं, दोघांपैकी एकालाच नोकरीत कायम करणार. गावच्या सप्ताहात बुवांच्या मागं टाळ घेऊन हे दोघं शेजारी शेजारी उभे राहत. जैतूचा टाळ महादूला डोळे मिटूनही ओळखू येई. आता त्याच हातांवर तो पाळत ठेवू लागला.

जैतूनं पुढं केलेला चहा त्यानं पोट बरं नाही म्हणून परत केला. जैतूनं आकडी घेतली की हा म्हणे, उद्या बघू. विषारी पेट्या तशाच राहिल्या, शेडमध्ये वास सुटला. पंचमीचा उपास अजून सुटला नाय वाटतं, असं जैतूनं चिडवलं, तरी हा हसला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना महादूची बायको सुंदरा सहज बोलून गेली, की पंचमीला ती खऱ्या नागाला पुजायला शेडवर गेली होती. बाहेरच्या माणसाला आत घ्यायची परवानगी नव्हती, पण वहिनी म्हणून जैतूला नाही म्हणवलं नाही.

"ताट ठेवायला एक पेटी व्हती," ती म्हणाली, "पण वर कसलासा लाल डाग. देवाचं ताट घाणीवर ठेवू का? वल्या फडक्यानं चांगली पुसून काढली."

महादूचा घास हातातच राहिला.

सकाळी त्यानं जैतूला सगळं सांगितलं. मनात काय काय आलं होतं, तेही. जैतूनं बादलीत फडकं पिळलं. वहिनीला आत घेतलं ही माझी चूक, म्हणाला, आणि खूण गेलेली दिसली नाय, ती त्याहून मोठी. मग त्यानं मान वर केली.

"पर तीन दिस तू सापाकडं नाय, माझ्याकडं बघत व्हतास. असं काम करशील तर मरशील रे."



जैतूनं आकडी उचलून त्याच्या हातात दिली. "आज तू धर. हात मी घालतो."

आणि महादूच्या तोंडाकडं एकदाही न बघता त्यानं घोणशीच्या पेटीचं झाकण काढलं.