खुणेचं नाव

तिचं काम हॉस्पिटलात दुभाषीचं होतं. बहिऱ्या पेशंटच्या खुणा डॉक्टरांना बोलून सांगायच्या, डॉक्टरांचं बोलणं पेशंटला हातांनी. ही विद्या तिला घरातच मिळालेली. आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे.

संध्याकाळच्या लेखनवर्गासाठी तिनं घरावर लेख लिहिला. वर्गाच्या सरांनी तो वाचून विचारलं, "इथे लिहिलंय, 'आम्ही बहिरे लोक.' पुढच्या पानावर, 'बहिऱ्यांना हे कळत नाही.' तू नक्की कुठे उभी आहेस?"

प्रश्न भुंग्यासारखा डोकं पोखरू लागला. रविवारी ती आई-बाबांबरोबर बहिऱ्यांच्या मंडळात गेली. पत्त्यांचा डाव रंगात होता आणि हातांची नुसती धांदल. तिथे प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. तिचं म्हणजे कानाच्या पाळीशी दोन बोटं. लहानपणी घातलेल्या डुलांवरून ते पडलं, असं ती धरून चालली होती.

"मी तुमच्यातली आहे का?" तिनं खुणेनं विचारलं.

पत्ते खाली आले. आईची मैत्रीण, जिला ती मावशी म्हणे, हातांनीच म्हणाली, "तुझं नाव काय? ऐकणारी!"

"डूलवाली नाही?"

मावशीची हसून पुरेवाट झाली. बाबांनी सांगितलं, "तू तान्ही होतीस. माझ्या हातून परात पडली आणि तू दचकलीस. त्यावरून."

"म्हणजे मी परकी?"

"परक्यांना आम्ही नावं ठेवतो," मावशी म्हणाली. "देत नाही."

तिची उत्सुकता आता गप्प बसेना. "आई, मी दचकले तेव्हा तुला काय वाटलं?"

 आईचे हात सावकाश उठले. "मी रडले. वाटलं, ही आता त्यांच्यात जाणार."

हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला भरून आलं. तरी तिनं विचारलंच, "हे लिहू?"

झालं, टेबलाभोवती जुंपली. कुणी म्हणे, घरातलं चव्हाट्यावर कशाला? कुणी म्हणे, खरं आहे ते लिहावं. शेवटी आईनं दिवा बंद-चालू केला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"लिही," आई म्हणाली. "पण हेही लिही, की तुझ्या कानांमुळे मला शेजारणींची एकूण एक भांडणं कळली. आणि आधी इथे येऊन दाखव."

लेखात तिनं सरांनी दाखवलेली ती दोन्ही वाक्यं तशीच ठेवली. मधे हा रविवार घातला.